हात बघायचा वर्ग : जानेवारी ते जुलैच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

अण्णांनी आज शेवटी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. आत ११ वह्या, जाड पुठ्ठ्याच्या, लेजरसारख्या, आणि प्रत्येक पानावर एकेक हात. १९६९ पासूनचे. अण्णा छापखान्यात खिळे (छपाईची शिशाची अक्षरं) जुळवायचे, दुपारच्या सुट्टीत प्रूफ काढायच्या रोलरने लोकांच्या तळव्याला शाई लावून ठसा घ्यायचे, आधी छापखान्यातलेच कामगार, मग लग्नपत्रिका छापायला येणारे, मग कुणीही. ठशाखाली तारीख, वय, धंदा, उजवा की डावखुरा. बास. कुणाचं भविष्य कुठंच लिहिलेलं नाही. मी मोजायला बसले, ९०० च्या पुढं गेल्यावर सोडून दिलं.

काचबिंदूमुळं त्यांना आता माणूस दिसतो पण रेषा दिसत नाही. ८१ वय. "आता तू शिकव, मी कोपऱ्यात बसून ऐकतो" असं गेले सहा महिने चाललंय आणि मी टाळत होते, कारण मला अजून शिकायचंच खूप आहे. पण त्यांचं म्हणणं की शिकवल्याशिवाय शिकणं पूर्ण होत नाही, २७ वर्षं शाळेत चित्रकला शिकवलीस तुला हे सांगायला पाहिजे का.

वर्ग कशासाठी ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढं भरकटले तर इथं परत येता येईल. रिटायर झाल्यावर मी अण्णांकडं हात दाखवायला गेले होते, सगळे जातात तशीच, आता पुढं काय हे विचारायला. त्यांनी ४० मिनिटं माझे दोन्ही हात बघितले आणि पुढचं काहीच सांगितलं नाही. उलट मलाच विचारलं, शाळेत कुठला तास संपूच नये वाटायचा? मी म्हणलं, एलिमेंटरी इंटरमिजिएटच्या हुशार पोरांचा नाही, ज्या पोरांना "बाई मला चित्र येत नाही" म्हणायची सवय झालेली असते त्यांना नुसतं नीट बघायला शिकवायचा तास. अण्णा म्हणाले, मग तेच काम आहे तुझं, शाळा संपली म्हणून ते कुठं संपलंय. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडं जायला लागले. हात बघून माणसाला त्याचं काम सापडायला मदत होते हे मी स्वतःवर अनुभवलंय, वर्ग त्याच्यासाठी. लॉटरी, लग्न, परदेशयोग यासाठी नाही.

१२ जानेवारी

सोलापुरात गड्डा यात्रेची गर्दी, रस्ते बंद, तरी सहाजण आले. बँकेत असलेला एक मुलगा, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलगी (१९ वर्षांची, सगळ्यात लहान), एक रिक्षावाले काका, पार्लर चालवणाऱ्या दोघी जावा आणि पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले एक साहेब. साहित्याचे म्हणून ५०० रुपये घेतले, बाकी फी नाही.

सगळ्यांना पहिल्याच दिवशी आयुष्यरेषा बघायची घाई. मी सांगितलं, पहिले तीन आठवडे रेषा हा शब्दच काढायचा नाही. स्वतःचा डावा हात समोर ठेवायचा आणि पेन्सिलनं काढायचा, जसा दिसतो तसा. पार्लरवाली मोठी म्हणाली बाई आम्हाला चित्र येत नाही. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

१९ जानेवारी

वहीच्या पानाचे दोन भाग करायला लावले. डावीकडं 'दिसतं', उजवीकडं 'वाटतं'. शेजाऱ्याचा हात पाच मिनिटं बघून लिहायचं. रिक्षावाले काकांच्या हाताबद्दल बँकेतल्या मुलानं डावीकडं लिहिलं, "कष्टाळू". म्हणलं हे दिसतं का वाटतं? बराच वेळ वाद. शेवटी त्यानं खोडून लिहिलं: अंगठ्याच्या मुळाशी घट्टे, तळवा चौकोनी, बोटं तळव्यापेक्षा आखूड, उजव्या करंगळीचं वरचं पेर वाकडं. "कष्टाळू" उजवीकडं गेलं. करंगळी कशी वाकडी झाली हे विचारल्यावर काकांनी १५ मिनिटं सांगितलं, त्यातून कळलं की ते आधी यंत्रमागावर होते आणि पट्ट्यात बोट गेलं होतं. हे कुठल्याच रेषेवरून कळलं नसतं.

अण्णा घरी जाताना म्हणाले, आज एकानं हात वाचला.

२ फेब्रुवारी

शाईचा दिवस. काचेचा तुकडा, छपाईची काळी शाई अगदी हरभऱ्याएवढी, रोलरनं काचेवर पातळ पसरायची, किर्र किर्र आवाज यायला लागला की बरोबर पातळ झाली असं अण्णा म्हणतात (त्यांना दिसत नाही पण आवाजावरून सांगितलं "अजून जाड आहे", आणि होती). मग रोलर तळव्यावर, मनगटापासून बोटांकडं. कागदाखाली घडी घातलेला टॉवेल ठेवायचा नाहीतर तळव्याच्या मधला खळगा कोराच राहतो. हात ठेवल्यावर बोटं दाबायची नाहीत, मनगटावरून हलका जोर, आणि कागद सोलून काढायचा, हात उचलायचा नाही.

हात धुवायचा प्रश्न आमच्या गावात मोठा, नळाला पाणी रोज येत नाही. खोबरेल तेल चोळून जुन्या कापडानं पुसायचं, मग बेसन, मग तांब्याभर पाणी पुरतं.

शाई वाळेपर्यंत मी हर्शेलची गोष्ट सांगितली, मला फार आवडते. १८५८ साली बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता, त्यानं रस्त्याच्या खडीच्या करारावर राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराचा पंजा उमटवून घेतला, सही नंतर नाकबूल करू नये म्हणून. नुसता अंगठा नाही, अख्खा पंजा. पुढं त्यातूनच बोटांच्या ठशांचं शास्त्र निघालं, १८९७ ला कलकत्त्यात ठशांची कचेरी झाली आणि ठशांचं वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा वाटा होता, नाव मात्र लागलं एडवर्ड हेन्री या साहेबाचं. नर्सिंगवालीनं हे वहीत लिहून घेतलं.

९ फेब्रुवारी

शंख, चक्र, कमान, म्हणजे बोटांच्या टोकावरच्या वळशांचे तीन प्रकार. सहाजणांची ६० बोटं मोजली. शंख सगळ्यात जास्त, चक्रं त्याच्या निम्म्याला टेकलेली, कमानी दोनच. जगाची सरासरीही साधारण अशीच सांगतात, शंख शंभरात ६० ते ६५, चक्र तिसेक, कमान पाचाच्या आसपास. लहानपणी "दहा चक्रं म्हणजे राजा" ऐकलेलं, पार्लरवाल्या धाकटीला नऊ निघाली तर जाऊ तिच्याकडं बघायलाच लागली.

अमेरिकेत रिचर्ड अंगर म्हणून एकांनी बोटांच्या ठशांवरूनच जीवनाचा हेतू सांगायची पद्धत बसवलीय, कुठल्या बोटावर चक्र ठळक त्यावरून तो माणूस कशासाठी आलाय. ती मी वाचलीय, वर्गात समजावलीही, पण माझं मन पूर्ण बसत नाही. ठसा आईच्या पोटात सहाव्या महिन्यापर्यंत पक्का होतो आणि मरेपर्यंत तोच राहतो, जुळ्यांचेही वेगळे असतात. जे कधीच बदलत नाही त्यावर माणसाचं काम लिहिलेलं असेल तर मग माणसानं करायचं काय. पण बोलायला सुरुवात म्हणून पद्धत चांगली आहे, कारण प्रत्येकाला वाटतं हे फक्त माझं आहे, आणि ते खरंच असतं.

२३ फेब्रुवारी

आजची नोंद लिहायला जड जातंय, तरी लिहिते.

गेल्या महिन्यात बँकेतल्या मुलाचा मित्र हात दाखवायला आला होता. भाग्यरेषा (तळव्याच्या मधून उभी जाणारी) मस्तकरेषेपाशी (मधली आडवी) तुटलेली आणि थोडं सरकून नवी सुरू झालेली. परंपरेत ती जागा म्हणजे ३५ वय धरतात. तो ३४ चा. मी म्हणून गेले, पस्तिशीला कामात मोठा बदल दिसतो. एवढंच एक वाक्य. परवा त्याची बायको दारात, कडेवर वर्षाचं बाळ. त्यानं राजीनाम्याचा अर्ज लिहून ठेवला होता, बाईंनी सांगितलंय म्हणून. ती ओरडली नाही, नुसतं विचारलं, "मावशी, हप्ता तुम्ही भरणार का?"

मी त्याच्या घरी गेले, दोघांसमोर बसून सांगितलं की माझं चुकलं, रेषेवर वय लिहिलेलं नसतं, ती अंदाजाची फूटपट्टी आहे आणि मी ती खऱ्यासारखी वापरली. अर्ज दिलेला नव्हता हे नशीब. मग तासभर बोललो तेव्हा कळलं त्याला नोकरी सोडायचीच नाहीय, नवीन साहेबाखाली जीव घुसमटतोय, बदली मिळाली तरी चालेल. हे मी तेव्हाच विचारलं असतं तर. मला माहीत होतं, अण्णांनी माझ्या बाबतीत हेच तर केलं होतं, आणि तरी जीभ घसरली, कारण समोरचा डोळे मोठे करून ऐकत होता आणि ते बरं वाटतं.

वर्गात सगळं सांगितलं, लपवलं नाही. त्यातून नियम ठरले. वय सांगायचं नाही. आजार, मरण, मूल होणं न होणं यावर तोंड उघडायचं नाही. कुणी औषधाबद्दल विचारलं तर डॉक्टरकडं. पैसे घ्यायचे नाहीत, निदान शिकत असेपर्यंत. आणि एक वाक्य सांगायच्या आधी तीन प्रश्न विचारायचे.

२ मार्च

नियमाची परीक्षा लगेच आली. पार्लरमधल्या एका गिऱ्हाइकानं पाच महिन्यांच्या बाळाचा हात दाखवला, तळव्यावर हृदयरेषा आणि मस्तकरेषा वेगळ्या नाहीत, एकच आडवी रेषा. कुणीतरी त्या बाईला सांगितलेलं की हे मतिमंदाचं लक्षण, ती महिनाभर झोपली नव्हती. नर्सिंगवालीनं फार छान सांभाळलं. म्हणाली, डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत ही रेषा बऱ्याच वेळा दिसते हे खरं, पण धडधाकट माणसांतही शंभरात काहीजणांना असते, नुसत्या रेषेवरून काहीच ठरत नाही, डॉक्टरांनी बाळ तपासलंय ना, मग झालं. बाई रडली. आम्ही त्या रेषेचा परंपरेतला अर्थ सांगितलाच नाही. गरज नव्हती.

१६ मार्च

साहेबांनी आज विषय काढला, मला वाटतंच होतं ते काढणार. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकरांनी, नरेंद्र दाभोलकरही बरोबर होते, ज्योतिषांची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून प्रत्येक ज्योतिषाला ४० दिल्या, कुठली कुणाची ते सांगा. २७ जणांनी उत्तरं पाठवली, ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर ५०. साहेब म्हणाले, बाई ती कुंडली होती हात नव्हता हे मान्य, पण हातावर घेतली तर वेगळं येईल असं तुम्हाला वाटतं का?

मी म्हणलं, नाही. वर्ग एकदम शांत. अण्णा कोपऱ्यात हसले.

मग मी जेवढं मला पटतं तेवढंच बोलले. हाताला पुढचं माहीत नसतं. हाताला मागचं माहीत असतं, आणि माणूस स्वतःचं मागचं कधी सलग बघत नाही. कुणीतरी आपला हात समोर धरून अर्धा तास बसलंय, मध्ये मोबाईल नाही, घाई नाही, असं मोठ्या माणसाच्या आयुष्यात कितीदा होतं? त्या अर्ध्या तासात तो स्वतःहून बोलतो. रेषांची जुनी भाषा, गुरूचा उंचवटा, शनीचं बोट, रविरेषा, ही त्या बोलण्याला खुंट्या देते, एकेक विषय टांगायला. मस्तकरेषेपाशी आलो की विचार कसा करतोस, हृदयरेषेपाशी जीव कुणात, भाग्यरेषेपाशी काम. साहेब म्हणाले मग रेषेची गरज काय, नुसतं विचारा की. रिक्षावाले काकांनी उत्तर दिलं, "साहेब, नुसतं विचारल्यावर कोण सांगतंय ओ. मला कुणी विचारलंय का बोट कसं मोडलं म्हणून? ह्या पोरानं बघितलं तवा विचारलं."

साहेब पुढच्या रविवारी येतात का नाही माहीत नाही. (२३ ला आले. येताना चटणी आणली.)

३० मार्च

पाडवा, वर्ग नाही. दुपारी अण्णांच्या वह्या चाळत बसले आणि एक गोष्ट डोळ्यात खुपली ती खुपलीच. ९०० वर हातांत बायकांचे किती असतील? साठ-पासष्ट. आणि धंद्याच्या रकान्यात 'गृहिणी' किंवा नुसती रेघ.

यात अण्णांचा एकट्याचा दोष नाही, शास्त्रच तसं आलंय. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पुरुषलक्षणांचं प्रकरण आहे आणि स्त्रीलक्षणांचंही आहे, पण दुसरं वाचलं की कळतं ते कशासाठी आहे, कुठल्या मुलीशी लग्न केलं तर नवऱ्याचं भलं होईल यासाठी. बाईचा हात बघायचा तर तिच्यावरून नवऱ्याचं, मुलांचं, सासरचं. कुडमुडे जोशी दारात यायचे तेव्हा माझी आजी हात पुढं करायची आणि विचारायची, पोराला नोकरी कधी? स्वतःचं काही विचारायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं. बहिणाबाई चौधरींनी त्याच ज्योतिषाला माझ्या दारी येऊ नको, माझा हात बघू नको म्हणून सांगितलं, ते मला आधी शास्त्राचा अपमान वाटायचं, आज पहिल्यांदा कळलं की ती बाई स्वतःचा हात स्वतः वाचून बसली होती, तिला दुसऱ्याची गरज नव्हती.

"पुरुषाचा उजवा, बाईचा डावा" हाही नियम मी आज कायमचा सोडला. ज्या हातानं काम करते तो आणि दुसरा, असे दोन्ही बघायचे.

बारावी वही आणली. ही फक्त बायकांची. धंद्याचा रकाना मोकळा सोडायचा नाही.

१३ एप्रिल

उन्हानं शाई पातळ होतेय, ठसे फाकतात. सकाळी ७ ला वर्ग.

पार्लरवाल्या मोठीची मावससासू विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, राहते. पुढच्या रविवारपासून तिकडं जायचं ठरलं. बायका रविवारी पण विड्या वळतच असतात पण निदान ब्रँचला (विड्या जमा करतात ती कारखान्याची शाखा) जायचं नसतं.

२७ एप्रिल

पहिल्यांदा गेलो तेव्हा दोनच हात मिळाले, आज नऊ. कुणी काम थांबवत नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बोलता बोलता विडी वळून तिचं तोंड दुमडून दोरा गुंडाळून बाजूला. दिवसाला हजार हा हिशोब सगळ्यांच्या तोंडात. एकीनं सांगितलं, तुम्ही हात धरला तर माझ्या पन्नास विड्या गेल्या. म्हणून आता आम्ही ठसा घेणारा एक आणि तेवढा वेळ तिच्या जागी पानं कापायला एक असे जोडीनं बसतो. बँकेतला मुलगा कात्री धरायला शिकला, फर्मा ठेवून कापतो, बायका हसतात, पण कापू देतात.

एका मावशींबद्दल सविस्तर लिहिते. वय ५८ का ६०, त्यांनाही नक्की नाही. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. ४५ वर्षं विड्या. नर्सिंगवालीनं हात घेतला, भाग्यरेषा चंद्राच्या उंचवट्यावरून निघालेली, तिनं पाठ केलेलं सांगितलं की हे काम लोकांच्या आधारानं होतं, प्रवासही असतो. मावशी म्हणाल्या, "कसला प्रवास गं. तुळजापूर आन अक्कलकोट, झालं." पोरगी गप्प झाली. मी लांबून बघत होते, मुद्दाम मध्ये पडले नाही. मग तिनं नियम आठवून विचारलं, मावशी, विडीशिवाय तुमच्याकडं लोक कशाला येतात?

आणि मग निघालं. ब्रँचमध्ये विड्या तपासताना 'छाट' काढतात, खराब म्हणून बाजूला, त्याचे पैसे नाहीत. मावशींना वाचता येत नाही पण आकडा डोक्यात राहतो. गल्लीतल्या ३० घरांची कुणाची किती छाट निघाली, कुणाला पान कमी दिलं, हे त्या दहा-दहा वर्षांचं सांगू शकतात, आणि कुणाची जास्त छाट काढली की हिशोब घेऊन ब्रँचमध्ये उभ्या राहतात. "मी गेले की चेकर खुर्चीतनं उठतंय," म्हणाल्या. हे त्यांनी कधी काम म्हणून मोजलंच नव्हतं. पोरीनं वहीत धंद्याच्या रकान्यात लिहिलं: विडी कामगार. गल्लीचा हिशोब. मावशींनी विचारलं काय लिहिलंस, तिनं वाचून दाखवलं. मावशी काही बोलल्या नाहीत. पुढची विडी उचलली, आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "तीस न्हाई, बत्तीस घरं. दुरुस्त कर."

घरी आल्यावर हे अण्णांना सांगितलं. त्यांनी तीनदा सांगायला लावलं.

११ मे

ठसे नीट बघितल्यावर वेगळीच अडचण. बायकांच्या अंगठ्याचे आणि तर्जनीचे ठसे जवळजवळ गुळगुळीत. तळव्याच्या मोठ्या रेषा आहेत, पण बोटांवरचे बारीक वळसे झिजलेले, पान आणि दोरा वर्षानुवर्षं त्याच दोन बोटांवरून सरकतोय. आम्ही चक्र का शंख मोजायला बसलो तर मोजायला काही नाही.

मी हे मावशींना सहज दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणून तर रेशनचं मशीन मला घेत न्हाई." दर महिन्याला दुकानात अंगठा लावायचा, लागला नाही की तर्जनी, तीही नाही, हात पुसा, परत लावा, मागची लाईन ओरडते, शेवटी उद्या या. कधी नातवाला शाळा बुडवून न्यायचं, त्याचा अंगठा लागतो.

नर्सिंगवाली ठशाच्या कागदावर वाकून बसली होती, भिंग घेऊन. म्हणाली, बाई, डाव्या अनामिकेचं चक्र किती स्पष्ट आहे बघा.

१ जून

मृगाला धरून पाऊस आला म्हणायचीही सोय नाही, यंदा मे मध्येच झोडपलं. गल्लीत चिखल. पण बातमी ही: मावशींनी रेशन दुकानात डावी अनामिका लावली. पहिल्या फटक्यात लागली. आधारला दहाही बोटं घेतलेली असतात, मशीनला कुठलंही चालतं, पण दुकानदार अंगठ्यापलीकडं जास्तीत जास्त शेजारच्या बोटापर्यंत जातो आणि बायकांना कुणी सांगितलेलंच नाही.

पोरगी रडायलाच लागली. मी पण.

१५ जून

आज गल्लीत गेलो तर १४ बायका हात धुऊन ओळीत बसलेल्या. कुणी रेषा विचारली नाही, "माझं कुठलं बोट ते सांगा." दहा बोटांचे ठसे स्टॅम्पपॅडवर, साहेब भिंग घेऊन बसले (चाचणीवाले साहेबच सगळ्यात काटेकोर निघाले, तीन वेळा घेतल्याशिवाय सांगत नाहीत), आणि प्रत्येकीला चिठ्ठी: उजवी करंगळी. डावी मधली. डावी अनामिका. दोघींचं एकही बोट धड नव्हतं, त्यांना सांगितलं चारपाच दिवस हाताला काम नसेल तेव्हा लावून बघा, वरची झीज थोडी भरून येते, खालच्या थरात वळसे असतात. त्या म्हणाल्या चारपाच दिवस काम नाही असं कधी असतं? याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. दोघींसाठी साहेब पुरवठा कार्यालयात जाऊन येतो म्हणालेत, त्यांना सरकारी टेबलांची भाषा कळते.

वर्गात चर्चा झाली की हे हात बघणं आहे का. पार्लरवाल्या धाकटीला वाटतं आपण वाट सोडली, ती रेषा शिकायला आली होती आणि तिचं म्हणणं चुकीचं नाही, पाच महिन्यांत मी सगळे उंचवटे पण पूर्ण केलेले नाहीत. पुढचे दोन रविवार फक्त शुक्र आणि मंगळ, असं तिला कबूल केलं. पण मला स्वतःला विचारलं तर बोट सांगून झाल्यावर बाई उठत नाही, बसते, आणि मग बोलते. गेल्या दोन आठवड्यांत बाराव्या वहीच्या धंद्याच्या रकान्यात काय काय आलंय ते बघा: बाळंतपणाला बोलावतात ती. बतुकम्माची (तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाची) गाणी सगळी पाठ असलेली. पोरींची शाळा सुटू न देणारी. दारूवाल्या नवऱ्यांना दम देणारी. कुणालाच हा प्रश्न आधी कुणी विचारलेला नव्हता.

२९ जून

शुक्राचा उंचवटा झाला. धाकटी खूश. रोलरचं रबर एका बाजूला फुगलंय, ठशात पट्टा येतो. नवीन रबर चढवून देणारा आता गावात कोण आहे ते अण्णांना विचारायचं.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. सगळे अण्णांकडं. पेढे, एक शाल, आणि मावशींनी स्वतः येऊन शेंगा चटणीची बरणी दिली. नर्सिंगवालीनं बारावी वही पहिल्या पानापासून वाचून दाखवली, ४१ हात. अण्णा डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं झोप लागली.

संपल्यावर म्हणाले, रोलर आणलाय का. म्हणलं आहे, पण रबर फुगलंय. म्हणाले चालतंय, आण. आणि उजवा हात पुढं केला. पेन्शनचं काम आहे, नोव्हेंबरात हयातीचा दाखला, गेल्या वर्षी मशीननं त्यांचा अंगठा घेतला नव्हता, चार चकरा झाल्या. "माझं पण बोट काढून दे."

इतक्या वर्षांत मी त्यांचा हात नीट बघितलेला नाही. ११ वह्यांत त्यांचा स्वतःचा ठसा नाही, मी शोधला होता. साहेबांनी काच धरली, मी शाई पसरली, किर्र आवाज यायला लागल्यावर ते म्हणाले आता. आधी उजवा, मग डावा. डाव्या मधल्या बोटाचा वळसा अगदी स्वच्छ.

पोरीनं खाली लिहायला घेतलं. तारीख. वय ८१. धंदा विचारला तर म्हणाले, खिळे जुळवणे. ती थांबली, मग म्हणाली अण्णा, मी पुढं 'हात गोळा करणे' असं लिहू का? त्यांनी मान हलवली. मग शेवटचा रकाना, उजवा की डावखुरा, तिनं न विचारताच उ लिहायला सुरुवात केली होती.

"डावखुरा," अण्णा म्हणाले. "शाळेत मारून उजवा केला."